सर्टिफिकेट कुठलं घेऊ, ताई?

ताई,

मी ३२ वर्षांची आहे, हिशेब खात्यात नोकरी करते. सात वर्षांपूर्वी पाठदुखीने हैराण होऊन जिम लावली, ती आजतागायत सुटलेली नाही. आता असं झालंय की शेजारी व्यायाम करणाऱ्या बायका मलाच विचारतात, "बघ गं, माझं बरोबर चाललंय का?" त्यांना दाखवताना आणि मग त्यांना जमलं की जो आनंद होतो, तो मला हिशेब जुळल्यावर कधी झालेला नाही. पर्सनल ट्रेनर व्हायचं, असं मनाने घेतलंय.

पण कोर्स शोधायला बसलं की डोकं गरगरतं. एक जण दोन दिवसांत सर्टिफिकेट देतो, दुसरा सहा महिने शिकवतो, तिसरा नुसती परीक्षा घेतो. सगळेच स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवतात. मी कॉमर्सची. शाळा सुटल्यापासून विज्ञानाचं पुस्तक हातात धरलेलं नाही, इंग्रजी वाचायलाही वेळ लागतो. शिवाय माझं शरीर ट्रेनरसारखं दिसत नाही. ताकद आहे, पण पोटही आहे. कुठलं सर्टिफिकेट घेऊ? अभ्यास कसा करू? नोकरी सोडू का? की हा नादच सोडून देऊ?

— आकड्यांत अडकलेली

अगं, नाद सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं लांबणार आहे.

पोटाचंही इथेच मिटवू. ट्रेनरकडे येणारी बाई बहुतेक वेळा पहिल्यांदाच बार हातात धरत असते. दुखणारा गुडघा, बाळंतपणानंतरची सैल पडलेली ताकद, सगळे आपल्याकडेच बघताहेत ही धाकधूक, असं बरंच काही ती सोबत घेऊन येते. पोस्टरवरचं शरीर समोर उभं राहिलं की तिला हुरूप येत नाही, धडकी भरते. पाठदुखीतून उठून सात वर्षं न चुकता वजनं उचलणारी तू तिच्यासमोर उभी राहिलीस, तर ती तुला खरं काय ते सांगेल. आणि या कामात समोरच्याने खरं सांगणं किती मोलाचं असतं, ते मला एका प्रसंगाने शिकवलं. कोर्स निवडताना मी कशाकडे बघायला सांगते, ते त्याच प्रसंगातून आलेलं आहे, म्हणून आधी तोच सांगते.

मी या कामात आले ती दोन दिवसांचा कोर्स करून. शनिवार-रविवार, चकचकीत कागद, त्यावर सोनेरी शिक्का. सोमवारी जिमच्या फ्लोअरवर उभी. व्यायाम मला भरपूर येत होते. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक ५८ वर्षांचे काका आले. मी त्यांना ट्रेडमिलवर चढवलं आणि कोर्समध्ये शिकवलेला हिशेब मांडला: २२० वजा वय, म्हणजे १६२, त्याचे ७० टक्के, म्हणजे साधारण ११३. नाडी ११३ पर्यंत न्यायची. ती ९५ च्या पुढे जाईना. मी वेग वाढवला. मग चढ वाढवला. पडद्यावर ९६, ९७. मी पडद्याकडेच बघत होते. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, दांडा धरलेली बोटं पांढरी पडली होती, आणि मघाशी गप्पा मारणारा माणूस आता एकेक शब्द तोडून बोलत होता. "चक्कर... येतेय", असं ते म्हणाले तेव्हा कुठे मी वेग उतरवला.

सुदैवाने काही झालं नाही. खुर्चीवर बसल्यावर दहा मिनिटांत त्यांना बरं वाटलं. मी पाणी दिलं, डॉक्टरांना दाखवून या म्हणाले, आणि मग अगदी सहज विचारलं, "काका, तुम्ही काही गोळ्या घेता का?" ते म्हणाले, "हो, बीपीची. तू विचारलंच नाहीस."

गोळी बीटा ब्लॉकरची होती. या गोळ्या हृदयाचा वेग रोखून धरतात. माणूस कितीही दमला तरी नाडी एका मर्यादेपलीकडे चढत नाही. अशा माणसाला २२० वजा वय हे सूत्र लावणं म्हणजे काटा अडकलेल्या वजनकाट्यावर माल तोलणं. त्यांना नाडीवरून नव्हे, दमण्यावरून जोखायचं असतं. त्यासाठी गुन्नर बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० अशी मोजपट्टी आहे. "आत्ता किती जड जातंय?" असं विचारायचं, १२-१३ म्हणजे थोडं जड, पण चालू ठेवता येईल असं. याहून साधं म्हणजे बोलता येतंय का, ते बघायचं. आणि या सगळ्याच्या आधी गोळ्यांचं विचारायचं. पार-क्यू प्लस नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या पहिल्या पानावर सातच प्रश्न आहेत: हृदयाचा आजार किंवा बीपी आहे का, छातीत दुखतं का, गेल्या वर्षभरात चक्कर येऊन तोल गेला का किंवा शुद्ध हरपली का, दुसरा काही जुनाट आजार आहे का, त्यासाठी औषधं चालू आहेत का, हाडं-सांधे-स्नायूंची तक्रार आहे का, आणि वैद्यकीय देखरेखीखालीच व्यायाम करा असं डॉक्टरांनी सांगितलंय का. हे सात प्रश्न माझ्या दोन दिवसांच्या कोर्समध्ये नव्हते. बाकी जवळजवळ सगळं होतं.

म्हणून कुठलाही कोर्स उघडलास की आधी अनुक्रमणिका बघ. समोरच्या माणसाला व्यायामाआधी काय विचारायचं, कशावरून थांबवायचं आणि कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं, यावर त्यात किती पानं खर्ची घातलीत? दोन पानं असतील तर पुस्तक मिटून ठेव. व्यायाम तुला येतातच गं. तुला शिकायचंय ते हे.

आता निवडीकडे येते.

"सर्टिफिकेट" या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे कोर्सला बसल्याचा कागद: तू आलीस, ऐकलंस, गेलीस. दुसरी म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र: ओळखपत्र तपासून, कुणाच्या तरी नजरेखाली परीक्षा घेतली जाते, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि नाही केलं तर ते रद्द होतं. तुला दुसरं हवंय. ओळखायचं कसं? परीक्षेवर देखरेख असते का, मुदत किती, आणि मला पात्र ठरवणाऱ्या तुम्हाला कोणी पात्र ठरवलं, हे तीन प्रश्न विचार. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात.

अमेरिकी संस्थांच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचं वजनदार उत्तर म्हणजे एनसीसीए, नॅशनल कमिशन फॉर सर्टिफाइंग एजन्सीज. हे मंडळ ट्रेनर घडवत नाही. ट्रेनरची परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा घेतं. प्रश्न प्रत्यक्ष कामाच्या गरजांवरून काढलेत का, पासाची रेष कशाच्या आधारे ओढली, शिकवणारे आणि परीक्षा घेणारे वेगळे ठेवलेत का, हे तपासतं. तू हिशेबातली आहेस, तुला हे चटकन समजेल: हे ऑडिट आहे. आणि ऑडिट झालंय की नाही हे कंपनीच्या जाहिरातीत बघत नाहीत. मंडळाच्या स्वतःच्या यादीत जाऊन बघ. अजून एक बारीक गोष्ट: ही मान्यता एकेका सर्टिफिकेटला मिळते, संस्थेला सरसकट नाही. त्यामुळे एखाद्या संस्थेची ट्रेनरची परीक्षा मान्यताप्राप्त असते, पण तिच्याच आहाराच्या किंवा योगाच्या छोट्या कोर्सला मान्यता असेलच असं नाही. जाहिरातीत मात्र सगळं एकाच रंगात छापलेलं असतं.

या मान्यतेच्या यादीतली चार नावं तुझ्या कानावर नक्की पडली असतील. चारही चांगली आहेत. "सर्वांत भारी कुठलं" या वादात पडू नकोस, तुझ्या कामाला कुठलं बसतं ते बघ.

एनएएसएम, म्हणजे नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, १९८७ ची. हिची ओळख म्हणजे ऑप्ट मॉडेल: पाच टप्पे, आधी स्थैर्य, मग ताकदीचा दम, मग स्नायूंची वाढ, मग कमाल ताकद, शेवटी स्फोटक शक्ती. शिवाय माणूस कसा उभा राहतो, कसा वाकतो हे बघून दोष ओळखण्यावर हिचा मोठा भर. ज्याला हातात ठरलेली चौकट लागते, त्याला ही मानवते. एसीई, अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, १९८५ ची. हिचा जीव माणसाशी बोलण्यात आहे: सवय कशी लागते, टाळाटाळ करणाऱ्याला कसं समजून घ्यायचं. एसीएसएम, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, १९५४ पासूनची, चौघींत थोरली. ट्रेनरच नव्हे, डॉक्टर आणि संशोधकही तिच्या मार्गदर्शक सूचना प्रमाण मानतात. बीपी, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांसोबत पुढे काम करायचं असेल, रुग्णालयाच्या आसपास वावरायचं असेल, तर ही. आणि एनएससीए, नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन, १९७८ ची, वजनं आणि खेळाडू यांची. हिच्या सीएससीएस या सर्टिफिकेटचं नाव फार मानाने घेतलं जातं, पण त्याला पदवी लागते आणि ते खेळाडूंच्या प्रशिक्षकांसाठी आहे. तुझ्यासाठी हिचं साधं ट्रेनरचं सर्टिफिकेट वेगळं आहे, दोन्हींत गल्लत करू नकोस.

मला विचारशील तर, तुझं पत्र वाचून मी तुला एसीई किंवा एसीएसएम सुचवीन. तू ज्या बायकांबद्दल लिहिलंस त्या खेळाडू नाहीत. त्या घाबरत येणाऱ्या, मध्येच सोडून देणाऱ्या, गोळ्या चालू असलेल्या बायका आहेत. त्यांच्यासोबत काम करताना पाच टप्प्यांची चौकट नंतरही शिकता येईल. पण हे माझं मत झालं. दोन्ही संस्थांची परीक्षार्थींसाठीची पुस्तिका आणि नमुना प्रकरणं मिळव, एकेक प्रकरण वाच. जे वाचताना तुला समोर तुझ्या जिममधली कुणीतरी दिसायला लागेल, ते घे.

एक अट मात्र माझ्या मतापेक्षा वरची आहे: तू कुठे काम करणार? परदेशी जायचा विचार असेल तर तिथली शिडी वेगळी असते. ब्रिटनमध्ये आधी लेव्हल दोन, म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर, आणि मग लेव्हल तीन, म्हणजे पर्सनल ट्रेनर. ऑस्ट्रेलियात सर्टिफिकेट तीन आणि मग चार. तिथे अमेरिकी कागद घेऊन गेलीस तर त्यावर वेगळी समजूत घालत बसावं लागेल. आणि जिथे आहेस तिथेच काम करायचं असेल, तर पैसे भरण्याआधी ज्या तीन-चार जागी काम करायला आवडेल तिथे स्वतः जा आणि विचार, "तुम्ही कुठली सर्टिफिकेट मान्य करता?" अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने हे केलं नाही. वर्ष घालवून कागद मिळवला आणि ज्या एकाच जिममध्ये त्याला जायचं होतं तिथे तो चालला नाही.

"पास होण्याची हमी" असं लिहिलेलं दिसलं तर नीट वाच. मोफत फेरपरीक्षा अशा अर्थाने असेल तर ठीक. कुणीच नापास होत नाही अशा अर्थाने असेल तर त्या कागदाला किंमत ती काय?

परीक्षेबद्दल. एनएएसएमला १२० प्रश्न, दोन तास. एसीईला १५० प्रश्न, तीन तास. एसीएसएमला १३५ प्रश्न, अडीच तास. एनएससीएला १५५ प्रश्न, तीन तास, आणि त्यातले काही चित्रं-व्हिडिओ बघून सोडवायचे. सगळे बहुपर्यायी. यातले काही प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायला घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. कुठले ते कळत नाही. म्हणून एखादा प्रश्न अगदीच अनोळखी वाटला तर घाबरून पुढचे दहा बिघडवू नकोस. सोडव आणि पुढे जा. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची पुस्तिका वाच, कारण आकडे आणि नियम अधूनमधून बदलतात.

विज्ञान आणि इंग्रजी यांची तुला धास्ती आहे ती मला समजते. पण या अभ्यासातलं विज्ञान पाठ करायचं नसतं, ते अंगावर शोधायचं असतं. आत्ता खुर्चीवर बसली असशील. एक हात मांडीच्या मागच्या बाजूला ठेव आणि टाच जमिनीत रोवून मागे ओढायचा प्रयत्न कर, पाय हलू न देता. हाताखाली जे कडक झालं ते हॅमस्ट्रिंग. लांबी न बदलता काम केलं, म्हणजे आयसोमेट्रिक. आता जिना उतर. मांडीच्या पुढचा स्नायू प्रत्येक पायरीला लांब होत होत तुला सावरून धरतो, तू धपकन पडत नाहीस. लांब होताना काम करणं म्हणजे एक्सेंट्रिक. डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या याच कामामुळे. हे दोन शब्द पुस्तकातल्या व्याख्येवरून मला महिनाभर उलटसुलट व्हायचे. जिन्यावर एकदा कळले ते कायमचे.

इंग्रजीसाठी एक वही कर. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला तुझ्या मराठीत त्याचा अर्थ, आणि खाली तो शब्द ज्या हालचालीत येतो ती हालचाल. ॲबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर, ॲडक्शन म्हणजे मध्यरेषेकडे. एका अक्षराचा फरक, आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात. असे शब्द दोन-अडीचशे भरतील. पुस्तक मोठं दिसतं, पण फिरून फिरून तेच शब्द येतात. तिसऱ्या प्रकरणानंतर तुझा वाचायचा वेग आपोआप वाढेल.

आणि तुझं कॉमर्स आड येणार नाही, उलट कामाला येईल. शरीराच्या ऊर्जेचा हिशेब बघ. पहिली यंत्रणा म्हणजे खिशातली रोकड: लगेच हाताशी, पण दहाएक सेकंदांत संपते. जड डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याच्या, एक-दोन रेप्स (आवर्तनं) तिच्यावर. दुसरी, साखर झटपट फोडून मिळणारी: एक-दोन मिनिटांचं काम निभावते, पण त्यापायी अंगात आग पेटते. तिसरी ऑक्सिजनवाली, मुदत ठेवीसारखी: हातात यायला वेळ लागतो, पण तासन्‌तास पुरते. तिन्ही खाती एकाच वेळी चालू असतात, कुणाचा वाटा केव्हा मोठा एवढंच बदलतं. सेट्समधली, म्हणजे रेप्सच्या दोन फेऱ्यांमधली, विश्रांती किती द्यायची हे यावरून निघतं: रोकड परत भरायला दोन-चार मिनिटं लागतात, म्हणून जड वजनाला विश्रांती जास्त. वजनाचंही तसंच. ३ सेट, १० रेप्स, ४० किलो म्हणजे १२०० किलोचं काम. पुढच्या आठवड्यात ४२.५ किलो केलंस तर १२७५. वाढ सव्वासहा टक्के. ही वाढ त्या बाईला झेपली का, झोप कशी होती, सांधा बोलला का, हे तू लिहून ठेवशील. मी पाहिलेले बरेच ट्रेनर हे लिहीतच नाहीत. तू हिशेबनीस आहेस, तुला न लिहिता चैन पडणार नाही.

परीक्षेतले अवघड प्रश्न व्याख्यांचे नसतात, प्रसंगांचे असतात. उदाहरणार्थ: एक बाई म्हणते, "व्यायाम करायला हवा हे कळतंय, पण सध्या जमेल असं वाटत नाही." तू काय करशील? नवखी माणसं "आठवड्याला तीन दिवसांचा सोपा प्रोग्रॅम देईन" यावर खूण करतात. चूक. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी माणूस बदलतो कसा याचे टप्पे मांडले आहेत, त्यांत ही बाई अजून विचार करण्याच्या टप्प्यावर आहे. तिला प्रोग्रॅम दिला तर ती होकार देईल आणि परत येणार नाही. तिच्याशी बोलायचं, काय आडवं येतंय ते तिच्याच तोंडून काढायचं. असे प्रश्न सोडवताना मॉक टेस्टमधलं चुकलेलं प्रत्येक उत्तर वहीत घे आणि शेजारी लिही: मी काय समजले होते, आणि का. किती बरोबर आले यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते. मॉकमध्ये सलग तीन वेळा ८० टक्क्यांच्या वर गेलीस की तारीख घे. त्याआधी नको, आणि त्यानंतर टाळतही बसू नकोस.

वेळ म्हणशील तर रोज एक तास आणि सुटीच्या दिवशी तीन, असे चार महिने तुला पुरावेत. अभ्यास चालू असतानाच एखाद्या चांगल्या ट्रेनरला विचार, आठवड्यातून दोनदा तुमच्या मागे उभं राहून बघू का? बहुतेक जण हो म्हणतात. तिथे व्यायामाकडे बघू नकोस, ते तुला येतात. तो ट्रेनर कुठे उभा राहतो, कधी गप्प बसतो, चूक दिसल्यावर लगेच बोलतो की रेप पूर्ण होऊ देतो, हात लावण्याआधी विचारतो का, ते बघ.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवण्याचं, सर्टिफिकेट मोठ्या संस्था मागतात. ते ऑनलाइन क्लिक करून मिळवू नकोस, पुतळ्यावर हाताने करून शिकवतात तिथे जा. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान पाच सेंटीमीटर खाली. ऐकायला सोपं आहे. करताना दुसऱ्याच मिनिटाला खांदे भरून येतात, आणि दाब उथळ पडायला लागला की पुतळा दाखवून देतो. तो अनुभव शरीरात असावा लागतो. आपण लोकांना धाप लागेपर्यंत पळवतो, मग हे आपल्याला यायलाच हवं.

नोकरी सोडू नकोस. लोक व्यायामाला येतात सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर. दुपारी फ्लोअर रिकामा असतो. म्हणजे परीक्षा पास झाल्यावरही पहिले सहा महिने, वर्षभर तू सकाळी दोन क्लायंट घेऊन नोकरी करू शकतेस. त्यात एक गोष्ट कळेल जी कुठलाच कोर्स सांगत नाही: पहाटे पाचला उठून, दुसऱ्याच्या उत्साहाचा भार आपण वाहायचा आणि रात्री नऊपर्यंत तो टिकवायचा, हे तुला रोज झेपतं का. काहींना झेपत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. पण पगार चालू असताना कळलेलं बरं.

पास झाल्यावर दोन रेषा पक्क्या ठेव. दुखणं काय आहे हे ठरवणं आपलं काम नाही, आणि आजारावर आहार लिहून देणं आपलं काम नाही. "ताई, गुडघ्याला काय झालं असेल?" असं कुणी विचारलं की उत्तर तोंडावर येतं, कारण आपल्याला अंदाज असतो. ते गिळायचं आणि डॉक्टरकडे, फिजिओकडे पाठवायचं. मी पाठवलेल्या बायकांपैकी एकही माझ्यावर रागावलेली नाही. बऱ्याच जणी परत येताना बहिणीला घेऊन आल्या. व्यवसाय दायित्वाचा विमाही, म्हणजे आपल्या कामात कुणाला इजा झाली तर भरपाईसाठीचा, पहिल्या क्लायंटच्या आधी घे. आणि नूतनीकरण विसरू नकोस: एनएएसएम आणि एसीईला दर दोन वर्षांनी, एसीएसएम आणि एनएससीएला दर तीन वर्षांनी पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. ते तास शेवटच्या महिन्यात कसेतरी भरण्यापेक्षा एका विषयात खोल जा. बाळंतपणानंतरचा व्यायाम किंवा साठीपुढच्या लोकांची ताकद, यात मनापासून शिकलेले ट्रेनर फार कमी आहेत आणि गरज फार मोठी आहे.

ते काका पुढे माझ्याकडेच अकरा वर्षं व्यायाम करत होते. त्या दिवशी घरी येऊन मी तो सोनेरी शिक्क्याचा कागद फायलीत खाली घातला आणि नव्याने अभ्यासाला बसले. काकांनीच मला माझ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते सात प्रश्न तोंडी विचारले होते.

आता तुझ्यासाठी एक काम. अजून पैसे कुठेच भरू नकोस. येत्या रविवारी घरातल्या कुणालातरी, ज्याने कधी व्यायाम केलेला नाही अशा माणसाला, आधी ते सात प्रश्न विचार. सगळी उत्तरं "नाही" आली तरच पुढे जा. अनवाणी उभं कर, हात डोक्याच्या वर, आणि वजन न घेता पाच स्क्वॉट सावकाश करायला सांग. समोरून बघ: गुडघे आत ओढले जातात का. बाजूने बघ: टाचा उचलतात का, कंबर पुढे किती झुकते. मग टाचांखाली वजनाच्या दोन पातळ प्लेट्स ठेवून पुन्हा पाच करायला लाव. दोष कमी झाला तर बहुधा घोटा आखडलेला आहे; तसाच राहिला तर कारण वर, कमरेच्या आसपास शोधायचं. बोलू नकोस, सुधारू नकोस, नुसतं बघ आणि लिही. पानभर तरी लिही, आणि ते पान मला पाठव. त्यावरून आपण दोघी मिळून एसीई की एसीएसएम ते ठरवू.

— तुझी ताई